पौषातला पाऊस

“वहिनी, लोकायले मी काय सांगू?” विश्वंभर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

रमाबाई परातीत पिंडांसाठी पीठ मळत होत्या. हरिहरगुरुजींनी जन्मभर अकोल्याच्या जुन्या शहरात लोकांची अंत्यकर्मं केली आणि त्यांच्या यजमानांच्या पिंडांचं पीठ रमाबाईंनीच मळलं. आज गुरुजी स्वतःच बाहेरच्या खोलीत, भाड्यानं आणलेल्या शीतपेटीत निजले होते. रमाबाईंचे हात मात्र सवयीनं चालत होते. रडू येत नव्हतं. आतून सगळं बधिर होऊन गेलं होतं.

“बाई, हे तुमी काहून करून राहिल्या? आमी आहो ना!” शेजारची मनकर्णा परात ओढू लागली. रमाबाईंनी ती सोडली नाही.

“तुमच्या यशोधनले सांगता नाही येत का स्पष्ट?” विश्वंभर पुन्हा म्हणाला. तो गुरुजींचा धाकटा भाऊ, तोंडानं फटकळ, पण परवापासून घराची सगळी धावपळ त्याच्याच अंगावर होती. “येत नाही म्हनावं. भाऊले दोन दिवस पेटीत ठेवलं त्याच्यापायी.”

“त्याला आणणारं विमान उतरलंच नाही तिथं. पाऊस पडून राहिला म्हणतो.”

“पौषात पाऊस? अन् तोही उत्तर ध्रुवाच्या बर्फात? अवो, शाळेतलं पोरगंही हसंल! त्यापेक्षा व्हिसाचं अडलं म्हना. लोकायले पटते ते.”

रमाबाईंनी पिठात थोडं पाणी घातलं. खरं तर त्यांनाही पटलं नव्हतं. एकुलत्या एका यशोधननं घरची भिक्षुकी सोडली आणि हवेचा अभ्यास धरून उत्तर ध्रुवाकडच्या केंद्रावर गेला, तेव्हापासून बापलेकांत विस्तव जात नव्हता. “पाऊस कुठं पडते ते पाहाले इतक्या दूर जा लागते काय?” असं गुरुजी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. यशोधन फोन करायचा तो आईला. बापासाठी यायचं नाही म्हणून पोरानं काहीबाही सांगितलं असेल, ही शंका रमाबाईंना कुरतडत होती. नवरा तर गेलाच होता. आता पोरगाही गेल्यातच जमा धरायचा का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

दिवाळीत त्यानं एकदा समजावलं होतं खरं. फार उंचावर पृथ्वीभोवती वाऱ्याचा एक पट्टा वाहतो. तो सरळ वाहिला की थंडी ध्रुवाकडं कोंडून राहते. कधीकधी तो वळण घेऊन वर उत्तरेकडं चढतो आणि खालच्या समुद्रांवरची दमट हवा तिकडं नेतो. त्या वाफेचं पाणी होताना ऊब सुटते आणि वर ढगांची गोधडी बसली की ती ऊब निघून जात नाही. मग भर हिवाळ्याच्या अंधारातही बर्फावर पाऊस पडतो.

“भाताच्या वाफेनं हात भाजते, तसंच ना?” रमाबाईंनी विचारलं होतं. “अगदी तसंच, आई,” म्हणून तो खूश झाला होता. तेव्हा त्यांना सगळं समजलं होतं. पण समजलेलं गरजेच्या वेळी विश्वासाच्या कामी येतंच असं नाही.

पेटीवाला कुंदन दारातून दोनदा डोकावून गेला. दुसऱ्या घरचं बोलावणं आलं होतं त्याला. “आता थांबायचं नाही,” रमाबाई म्हणाल्या. विश्वंभरचा मुलगा नितेश अग्नी देणार असं ठरलं.

अंगणात गुरुजींना तिरडीवर घेतलं. त्यांचेच शिष्य त्र्यंबकगुरुजी दर्भ घेऊन बसले. “कर्त्यानं डोक्यावरून पाणी घेऊन ओलेत्यानं यावं,” ते म्हणाले. नितेश शर्ट काढून नळाकडं निघाला, तेवढ्यात रमाबाईंच्या फोनवर यशोधनचा व्हिडिओ कॉल आला.

काळोख होता. एका दिव्याखाली यशोधन उभा होता. त्यानं स्वतःच्या हातानं डोकं भादरलं होतं. दोन ठिकाणी कापलंही होतं. अंगात नुसता सदरा. डोक्यावर पाऊस पडत होता, गालांवरून, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. मागं पत्र्यावर पावसाचा आवाज येत होता.

“आई, बाबांना न्यायच्या आधी मला एकदा दिसू दे,” तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

विश्वंभर खांद्यावरून वाकून बघत होता. तो मागं सरला आणि नितेशसाठी घेतलेला टॉवेल नुसता चाचपत राहिला.

रमाबाईंनी फोन आधी तिरडीवरच्या चेहऱ्यासमोर धरला, मग त्र्यंबकगुरुजींच्या समोर. “गुरुजी, कर्ता ओलेता आहे. त्याच्या नावानं संकल्प घ्या. अग्नी नितेश देईल.”

त्र्यंबकगुरुजींनी क्षणभर फोनकडं पाहिलं आणि पळीभर पाणी हातावर घेतलं. गोत्र म्हटलं, यशोधनचं नाव घेतलं. तिकडं त्यानं हात जोडले.

आत जा रे बाळा, गारठशील, असं रमाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या म्हणाल्या नाहीत.