तुटलेल्या शाफ्टचं तोंड

डिझेलमध्ये बुडवलेल्या बोळ्याने भूमेश्वरी तुटलेल्या शाफ्टचं तोंड घासत होती. सुशिलाबाई समोर रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसली होती. बाहेर राइस मिलच्या आवारात दसऱ्याच्या मशीनपूजेची गडबड चालली होती. कोणी पान्यांना हळद-कुंकू लावत होतं, कोणी धान सडायच्या हलरवर झेंडूची माळ चढवत होतं.

"चमकून राहिलं," सुशिलाबाई म्हणाली. "आता सांग. दिसते का काही?"

भूमेश्वरी मिलची खरेदी बघायची. शिक्षण बी.कॉम. धातुशास्त्र न शिकलेल्यांना दोन दिवसांत लोखंड-पोलाद समजावून देणारा एक वर्ग नागपुरात भरला, त्याला मिलमालक इंद्रकुमारशेठने तिला धाडलं, ते काही विद्येच्या प्रेमाने नव्हे. भिंतीवर सर्टिफिकेट लटकलं की तपासणीला येणारे गप्प बसतात, एवढंच. पण ही बया खरंच शिकून आली.

सुशिलाबाई मिलच्या हौदावर कामाला, तिचा नवरा टेकचंद इथलाच ऑपरेटर. उन्हाळ्यात हलरचा शाफ्ट तुटला आणि पुली उडून त्याच्या छातीवर बसली. प्रेत घरी पोचायच्या आत शेठने निकाल दिला: टेकचंदने धान जास्त सोडलं, मशीनवर लोड आला. गावाने त्यात आपलं मीठ घातलं, पिऊन होता म्हणे! जन्मात थेंब न चाखलेला माणूस मेल्यावर दारुडा झाला. मेलेला थोडाच भांडायला येतो? लेकीला, गुंजनला, बघायला आलेल्या पाहुण्यांनीही चहा पिऊन हेच विचारलं, आणि ते गेले ते गेलेच. म्हणून सुशिलाबाईने भंगारातून हा तुकडा उचलून घरी ठेवला होता.

"हे बघा मावशी," भूमेश्वरीने तुकडा उजेडाकडे फिरवला. "शिंपल्यावर असतात तशा रेघा आहेत ना? भेग थोडी थोडी वाढत गेली, त्याच्या ह्या खुणा. इकडचा भाग घासून गुळगुळीत झाला, आत जुना गंज आहे. शेवटचा हा एवढासा खरबरीत भाग त्या दिवशी तुटला."

"मंजे?"

"म्हणजे भेग कित्येक महिने आधीची. एकदम लोड आला असता तर शाफ्ट आधी पिळला असता, वाकला असता. काकांची चूक नव्हती जी."

सुशिलाबाईने पदर तोंडावर घेतला आणि ती रडली, अगदी मोठ्याने रडली. मग डोळे पुसून हसली.

"मी म्हनतच होती. गुंजनचे बाबा हात धुतल्याबिगर मशीनले शिवत नवते." तिने नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. "पन मंग भेग काऊन पडली?"

भूमेश्वरी उत्साहात होती. तिने तुकड्याच्या कडेवर बोट ठेवलं.

"इथं शाफ्ट झिजला होता, त्यावर वेल्डिंगची भर घातली. असं पोलाद वेल्डिंगनंतर हळूहळू थंड व्हावं लागते. राखेत पुरून, पोत्याखाली झाकून. यावर कोणीतरी गरम असतानाच पाणी मारलं. मग ते काचेवानी कडक होते. कडक म्हणजे मजबूत नाही, मावशी. त्याले बारीक तडा जाते, आणि..."

ती थांबली. सुशिलाबाई आपल्या तळहातांकडे बघत होती.

मागल्या दिवाळीचा तो दिवस भूमेश्वरीला आता आठवला. उकड्या तांदळासाठी हौदात भिजवलेलं धान वास मारायला लागलं होतं. शाफ्टच्या वेल्डिंगपायी मिल बंद, शेठ आवारभर नाचत होता, "पानी मारो रे, देखते क्या हो!" टेकचंद म्हणत होता, थंडं होऊ द्या जी. आणि हौदाकडून बादली घेऊन धावत आलेली बाई तिने ऑफिसच्या खिडकीतून पाहिली होती. वाफेचा लोट उठला तेव्हा सगळे हसले होते. बाईसुद्धा.

"राहू द्या, मावशी," भूमेश्वरी म्हणाली. "लोड नव्हता, एवढंच सांगू आपण."

"अर्धं सांगतलं तं शेठ विचारन ना, भेग कायची?" सुशिलाबाई उठली. "दे तो तुकडा इकडं."

पूजेच्या टेबलावर पाने, हातोडे, ग्रीसगन मांडले होते. नारळ शेठच्या हातात होता. सुशिलाबाईने मधोमध तुकडा ठेवला.

"ये क्या लफडा है? सणाच्या दिवशी?"

"शाफ्ट पहिलेपासून चिरला होता," ती म्हणाली. "गरम वेल्डिंगवर पानी पडलं म्हनून. पानी मीनं टाकलं होतं."

शेठच्या चेहऱ्यावरचा ताण सरकन उतरला. हरामखोराला हसू आवरेना.

"सुना सबने? हिनंच पाणी टाकलं. मी तर तेव्हाच म्हणत होतो, बायांना मशीनजवळ येऊ देऊ नका. भूमेश्वरी, तसा एक बोर्ड बनवून घे."

"तुम्ही ओरडून सांगितलं होतं, शेठजी," भूमेश्वरी म्हणाली. "मी खिडकीत होती."

"तुझं सर्टिफिकेट भिंतीवर आहे ना? मग तू ऑफिसात आपल्या टेबलाशी गप बस." शेठने नारळ उचलला.

"ठोका माह्या नावानं बोर्ड," सुशिलाबाई म्हणाली. एकेक शब्द सुटा सुटा निघाला. "पन सारे आयका. टेकचंदची चूक नवती. टेकचंद पटलेची चूक नवती."

बाप्यांनी माना खाली घातल्या. बायांच्या घोळक्यात मात्र कुजबुज उठली. मंदाबाईने शेजारणीचा दंड घट्ट धरला.

"अगा माय! नवऱ्याचं नाव घेतलं वो हिनं!"

शेठने नारळ फोडला. सुशिलाबाईने करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं आणि तुकड्याच्या घासलेल्या तोंडाला लावलं.