आत किती माणसं?

गोदामात पाय ठेवायचा तर छातीवर बिल्ला हवाच. बिल्ला जवळ दिसला की रोबो गाडी जागच्या जागी थांबायची. बिल्ला नसेल तर तिच्या लेखी माणूस आणि हवा सारखीच.

दुरुस्ती चालू असेपर्यंत सगळ्या गाड्या उभ्या असत. सगळे बिल्ले दारातल्या खुंटीवर आलेले स्क्रीनवर दिसले की दूरदेशीच्या ऑफिसातून कंट्रोलवाली फोनवर विचारायची, "सुरू करू?" उशीर झाला की तिचे सर सगळ्यांना झापायचे. म्हणून इथल्या मंडळींनी शक्कल काढली होती: मागे राहणाऱ्याने आपला बिल्ला पुढच्याकडे द्यायचा. "टांग तू, मी आलोच."

त्या दुपारी धाकट्या फिटरने दोन बिल्ले टांगले, एक स्वतःचा आणि एक दाजींचा. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. ही नोकरी त्यांनीच लावून दिलेली. ते विसरलेला पाना आणायला परत आत गेले होते.

"सुरू करू?" कानातल्या फोनवर आवाज आला.

"करा," तो सवयीने म्हणून गेला, आणि मग त्याला दाजी आठवले. आत हिरवे दिवे लागले होते.

"थांबवा! आत माणूस आहे!"

"स्क्रीनवर कुणी नाही. मागेही तुम्ही असंच सांगितलं होतं, चहा लांबवायला."

खोटं नव्हतं ते. तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. उठसूट दाबतात म्हणून दारावरचं, गाड्या थांबवायचं लाल बटणही सरांनी काढून नेलं होतं.

"अहो, माझे दाजी आहेत आत!"

"सगळं बंद करायचं तर सरांना विचारावं लागतं. सर मीटिंगमध्ये आहेत." तिचा आवाज कापत होता. सरांना मध्येच टोकायची तिथे कुणाची छाती नव्हती. इथली मंडळी त्या घाबरण्याच्या नकला करायची.

त्याने हाताला लागला तो एकच बिल्ला ओढला आणि धूम ठोकली. मोठमोठे रॅक उचलून गाड्या सुसाट निघाल्या होत्या. लांब टोकाला दाजी दिसले, भिंतीला पाठ लावून उभे, दोन्हीकडून गाड्या. धावून पोचणं शक्यच नव्हतं. त्याने जिवाच्या आकांताने बिल्ला फेकला. तो दाजींच्या पायाशी पडला. गाड्या थांबल्या. दाजी मटकन खाली बसले.

आणि मग त्याला आपल्याच पाठीमागे चाकं ऐकू आली.

दोन्ही बाजूंना रॅक, मध्ये बोटभर फट नाही. तो गर्रकन वळला. ताई डोळ्यांपुढे आली. इतकी भीती त्याला जन्मात वाटली नव्हती.

"आत एक माणूस दिसतोय आता," ती म्हणाली. "त्याच्याजवळच्या गाड्या थांबल्यात."

"दोन," तो म्हणाला. "दोघं आहोत. माझ्याकडे बिल्ला नाही."

त्याने डोळे घट्ट मिटले.

चाकं थांबली. एक नाही, सगळ्या गोदामातली. डोळे उघडले तेव्हा गाडीची लोखंडी कड त्याच्या गुडघ्याला टेकली होती.

फोनवर हुंदके ऐकू येत होते.

"सगळं बंद केलं मी. सरांना न विचारता," ती म्हणाली. "दादा, तुम्ही खरंच आत आहात ना?"