जारचं पाणी

"पारूबाई, टाकीतलं पाणी कुणी बदललं?"

"मीच की, मॅडम! लई वास मारत व्हतं. समदं शेवाळ घासून काढलं. बेडकांलाबी धुतलं चांगलं." पारूबाईंनी पदराला हात पुसले. शाबासकीची वाट बघताना चेहरा कोरा ठेवणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

प्राणिशास्त्राच्या मनस्विनी मॅडम टाकीवर वाकल्या. कॉलेजच्या त्या एसीच्या खोलीत, काचेच्या टाकीत बेडूक पाय ताणून पडले होते. कातडीची सालं निघत होती. मॅडमनी एकाला उताणं केलं. तो तसाच राहिला.

उभ्या नोकरीत पारूबाईंच्या हाती फडक्याशिवाय कुणी काही दिलं नव्हतं. बरण्यांवरची धूळ पुसायची, आत काय आहे ते विचारायचं नाही. पुण्याला जाताना मॅडमनी मात्र या खोलीची चावी दिली आणि म्हणाल्या, "लेकरांसारखं सांभाळा हं." एवढ्यावरच बाई हरखून गेल्या होत्या.

आणि वर्ष कसलं, तर आठवड्यातून एकदा नळ येण्याचं आणि टँकरपुढं झिंज्या उपटण्याचं. अशा दिवसांत बाईंनी घरातला पिण्याच्या पाण्याचा जार शेअर रिक्षात मांडीवर धरून कॉलेजात आणला. सून सरिता करवादली, "पोरांच्या तोंडचं पाणी बेडकांला घालता व्हय?"

"मुकी जनावरं हायेत. त्यांनी कुणाला मागावं?" म्हणत बाई स्वतः घोटावर दिवस काढत राहिल्या. पुढे बेडूक हलेनासे झाले, तेव्हा त्यांना वाटलं, स्वच्छ पाण्यात निवांत झाले बिचारे.

"बुरशीचा रोग आहे हा," मॅडम शेवटी म्हणाल्या. "यांच्या अंगावरच्या चिकट थरात चांगले जंतू होते. तेच बुरशीला रोखून धरत होते. बेडकांबरोबर त्या जुन्या बारवेतून आणलेल्या पाण्यातही ते होते."

"जंतू... चांगले असत्यात?"

जन्मभर ज्या बाईकडून फरशीवर फिनेल ओतून घेतलं, तिला एवढी गोष्ट सांगायला त्या शिकलेल्यांच्या इमारतीत एकालाही सवड झाली नव्हती. मॅडमनासुद्धा नाही.

"मग बारवेचं दुसरं आणते ना. हंडा घिऊन आत्ता जाते."

"बारव बुजवली, पारूबाई. येताना बघितलं मी. फ्लॅटच्या स्कीमचा बोर्ड लागलाय तिथं. त्या जातीचे बेडूक तिथंच होते, आता कुठंच नाहीत." मॅडमचा आवाज चिरकला. मग त्यांनी हात पुढे केला. "चावी द्या."

पारूबाईंनी कमरेची चावी सोडली. "मला कुणी सांगितलं नाय," एवढं ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

घरी सरिता रिकाम्या जारशेजारी भाकरी थापत होती. सासूकडे न बघताच तिनं टोमणा मारला, "मंग? प्याले का तुमचे बेडूक?"

पारूबाई उंबऱ्यातच टेकल्या. घसा कोरडा पडला होता, पण पाणी मागायला तोंड उघडेना.

"प्याले," त्या म्हणाल्या. "पोटभर प्याले."