पवनेच्या जावा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे. सोमाटण्याच्या एका शिलाईच्या दुकानात माझा जन्म झाला. जाड सुती कापडाचे पाच पट्टे दुहेरी टाक्याने जोडले, कडेला पितळी कड्या ठोकल्या, आणि ट्रकवर चढवायची म्हणून मला घडी घालून ठेवलं. पण तो ट्रकवाला परत फिरकलाच नाही. आला तो बेडशाचा गोरखभाऊ, खेळांच्या सामानाचा टेम्पो चालवणारा. त्याला कुस्तीच्या रिंगवर अंथरायला कापड हवं होतं. त्यामुळे माल झाकायचं सोडून मी माणसं झेलायला लागले.

ही कुस्ती मातीतली नव्हे. लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर शनिवार-रविवारी पर्यटकांसाठी तिचा खेळ होई. खाली लोखंडी चौकट, तिच्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर पातळ फोम आणि सगळ्यांत वर मी. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असे. पडणं मात्र खरं असे. ते मला विचारा.

गोरखभाऊची मुलगी यशोधरा त्याच रिसॉर्टवर कामाला होती. उंच, हसरी, अंगात वारं भरल्यासारखी. तिकोणा पेठेच्या महिपती आबांची मुलगी अपेक्षा, शाळेपासून खरी कुस्ती खेळलेली. बुटकी, भक्कम, कमी बोलणारी. खेळ भरवणाऱ्या निलेशने दोघींची जोडी लावली. अशा जोडीत एक रिंगमध्ये लढते, दुसरी दोरीबाहेर उभी राहते. आतली दमली की बाहेरचीच्या हातावर टाळी देते आणि दोघी जागा बदलतात. याला टॅग टीम म्हणतात.

दोघींची गावं पवना नदीच्या खोऱ्यातली, म्हणून नाव यशोधरानेच सुचवलं, ‘पवनेच्या जावा’. हिरवा काष्टा घातलेल्या या दोन जावा, थोरली अपेक्षा आणि धाकटी यशोधरा, रिंगमध्ये यायच्या त्याच भांडत. पाणी कुणी भरायचं, सासूला चहा कुणी द्यायचा, यावरून तोंडाला तोंड लागायचं. समोरच्या जोडीने एकीला हात लावला रे लावला, की दुसरी दोरीवरून झेप घेऊन आत यायची. मग त्या समोरच्यांचं काही खरं नसे. लोक हसून हसून खुर्चीवरून खाली यायचे. वर्षभरात गावोगावच्या यात्रांतून बोलावणी येऊ लागली. कामशेतच्या बाजारात पोरं अपेक्षाला ‘थोरल्या वहिनी’ म्हणून हाक मारत आणि पळून जात. ती लाजायची, पण मनातून तिला ते आवडायचं.

सराव बेडशाला गोरखभाऊच्या अंगणात व्हायचा. यशोधराची आई सरूबाई गोधड्या शिवत बाजूला बसायची. तिला पोरीचं ते उलटंपालटं पडणं बघवत नसे. अपेक्षा दर वेळी यशोधराच्या मानेखाली हात घालून तिला टेकवायची. ते पाहून सरूबाई पुन्हा सुई हातात घ्यायची. सराव संपला की ती दोघींना एकाच ताटात भाकरी वाढायची.

मग निलेशच्या डोक्यात नवीन काही शिजलं. जावा वेगळ्या करायच्या. भर खेळात थोरलीने धाकटीला मागून धरून आपटायचं. पुढे दोघी एकमेकींविरुद्ध लढल्या की गर्दी दुप्पट होईल. यशोधराला गंमत वाटली. अपेक्षा दोन दिवस नाही म्हणत होती. शेवटी यशोधरा म्हणाली म्हणूनच ती तयार झाली.

त्या रविवारी रिसॉर्टच्या हिरवळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. ठरल्याप्रमाणे अपेक्षाने यशोधराला मागून उचललं. लोक आरडाओरडा करू लागले. तिने तिला टाकलं, शंभरदा टाकलं होतं तसंच, हळू, नेमकं. आणि माझ्या खालची एक फळी सरकली. फोम खचला. यशोधराचा खांदा त्या फटीत गेला आणि चौकटीच्या लोखंडावर मी टरकन फाटले.

यशोधरा उठली नाही. आधी लोकांना तोही खेळच वाटला. ते टाळ्या वाजवत राहिले.

दोन ऑपरेशनं झाली. हात खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. नक्की काय झालं ते यशोधराला आठवत नव्हतं. लोकांनी मात्र पाहिलं होतं. थोरलीने धाकटीला आपटलं, टाळ्यांच्या नादात जोर जास्त लावला, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. वाईट हे की, खुद्द अपेक्षालाही तेच वाटू लागलं. ती एकदा बेडशाला आली होती. सरूबाई दारातच उभी राहिली. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, “पोरी, तू हितं येऊ नगंस.” अपेक्षा तशीच माघारी गेली आणि तिने कुस्ती सोडली. जावांचा खेळ तिथेच संपला.

मित्रांनो, खरं काय ते मला ठाऊक होतं. पण ताडपत्रीला कुठे तोंड असतं? गोरखभाऊने मला घरी आणून गोठ्याच्या कोपऱ्यात टाकलं. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. आठ महिने गेले.

भात निघाल्यावर पेंढा झाकायला त्याला माझी आठवण झाली. फाटलेलं शिवून दे म्हणून त्याने मला सरूबाईसमोर उलगडलं. सरूबाईने हयातभर कापड हाताळलेलं. तिने बोट फिरवलं आणि थांबली. ताणून फाटलेलं कापड वेडंवाकडं फाटतं. मी सुरीने कापल्यासारखी सरळ फाटले होते. कडेला लोखंडाचा गंज लागला होता. आणि त्या गंजात यशोधराच्या काष्ट्याचा हिरवा धागा अडकलेला होता. फळी जागेवर असती, तर खालचं लोखंड मला लागलंच नसतं.

तिने नवऱ्याला विचारलं, त्या दिवशी फळ्या कुणी बसवल्या. गोरखभाऊने निलेशला फोन लावला. मग निलेश म्हणाला, “दोन बोल्ट कमी होते, भाऊ. मला सांगायचं धाडसच झालं नाही.”

सरूबाईने मला शिवलं नाही. घडी करून टेम्पोत टाकलं आणि यशोधराला न सांगताच नवऱ्याला तिकोणा पेठेला चल म्हणाली. अपेक्षा अंगणात धुणं वाळत घालत होती. सरूबाईला पाहून तिच्या हातातला पिळा तसाच राहिला. सरूबाईने मला तिथंच अंथरलं, अपेक्षाचा हात धरून फाटल्या जागेवर ठेवला.

“बघ. फळी सरकली व्हती. तुजा हात न्हाई चुकला, बाय. मीच चुकले. तुला दारातनं माघारी लावली.”

अपेक्षाने त्या हिरव्या धाग्यावरून बोट फिरवलं. मग तिने एवढंच विचारलं, “खांदा कसा हाय तिचा?”

“मला काय इचारतीस? तूच चल अन बघ,” सरूबाई म्हणाली.

बेडशाला टेम्पो थांबला तेव्हा यशोधरा दारात शेंगा निवडत होती. सगळं ऐकून ती अपेक्षाला म्हणाली, “आठ महिने एकटीच भांडतेय मी. जमत न्हाई गं एकटीला.” दोघी हसल्या आणि मग दोघींनाही रडू आवरेना.

त्या पुन्हा रिंगमध्ये उतरल्या नाहीत. यशोधराचा हात वर जात नाही. पण आता महिपती आबांच्या मोकळ्या खळ्यावर त्या आसपासच्या पोरींना कुस्ती शिकवतात. पहिला महिनाभर फक्त पडायचं कसं, एवढंच. निलेशने चौकट आणि फळ्या स्वतः आणून दिल्या. बोल्ट मात्र रोज अपेक्षाच आवळते, एकेक करून. माझ्या अंगावर सरूबाईने गोधडीसारखं घट्ट ठिगळ लावलंय. मला आता कुठलंच दुखणं नाही. जावांचं नाव कुणी फारसं काढत नाही, त्याचंही वाईट वाटत नाही.

मित्रांनो, जाता जाता एकच मागणं. तुमच्या भरवशावर कुणी अंग टाकणार असेल, तर आधी खालचं सगळं घट्ट आहे ना, ते पाहा. आणि कुणी पडलंच, तर दोष द्यायची घाई करू नका. वाकून, हात फिरवून, नीट बघा.

आता मला थांबलं पाहिजे. सोळा पोरी रांगेत उभ्या आहेत, आणि पहिली धावत निघालीसुद्धा.