वाचनालयातला ‘हा कोण?’

भिलाईच्या त्या सेक्टरात वाचनालय आधी आलं आणि वाचणारे नंतर. कारखाना उभारायला चहूकडून आलेली माणसं; कुणाला अक्षरओळख नव्हती, कुणाला होती ती भलत्याच लिपीची. ग्रंथपाल हरिभाऊ दुर्गचे, तीन पिढ्यांपासून तिथलेच. दोन महिने त्यांनी रिकाम्या बाकांना सोबत केली आणि मग कंटाळून जिथं तिथं पत्रं लिहून माहितीपट मागवायला सुरुवात केली. दर शनिवारी दिवेलागणीला मागच्या भिंतीवर पांढरी चादर ताणायची, दुर्गहून एक माणूस मशीन घेऊन यायचा, आणि फुकट सिनेमा. देवीची लस, धरणं, मधमाश्या, जे येईल ते. मधमाश्यांच्या सिनेमाला इतकी गर्दी झाली की हरिभाऊंना स्वतःला उभं राहावं लागलं. त्यातल्या चार जणांनी दुसऱ्या दिवशी येऊन पुस्तकं मागितली, तेव्हा हा गृहस्थ आनंदानं बायकोशी दोन दिवस नीट बोलला म्हणतात.

एकदा बाजाराचं चित्रण पडद्यावर आलं आणि त्यात वांगी निवडणारी बाई म्हणजे इथलीच अंजनाबाई निघाली. तेव्हापासून रिवाज पडला. ओळखीचं माणूस दिसलं की हरिभाऊ अंधारात मोठ्यानं विचारायचे, “हा कोण?” मग त्या माणसाच्या घरच्यांनी उभं राहून नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. लोक निम्मे सिनेमासाठी येत आणि निम्मे या ‘हा कोण?’साठी.

तर एका सोमवारी ड्यूटीवरून परतताना देवाजीनं वाचनालयाचा फळा वाचला. ‘येत्या शनिवारी आपल्या कारखान्याचा सिनेमा. आपली माणसं पडद्यावर. सहकुटुंब यावे.’ वाचता वाचता त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

देवाजी तिसऱ्या भट्टीच्या कामावर रिगर होता. क्रेननं वर आलेला गर्डर जागेवर बसवायचा, त्यावर मांड टाकून बोल्ट आवळायचे, खालच्या लोकांना हातानं इशारे द्यायचे. शंभर-दीडशे फुटांवर. मात्र घरी त्याच्या बायकोला, शेवंताला, हे ठाऊक नव्हतं. घरी तो स्टोअरमध्ये होता. पेट्या उचलत होता, नटबोल्ट मोजून देत होता, सावलीत बसून चहा पीत होता.

शेवंताचा थोरला भाऊ एका पुलाच्या कामावर पाय घसरून गेला होता. म्हणून वर्ध्याकडचं गाव सोडून भिलाईला निघताना तिनं देवाजीला बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं उभं केलं आणि म्हटलं, “उपाशी ठेवा, पण वर चढू नका.” देवाजीनं शब्द दिला आणि सहा महिने पाळलाही. खरोखरच स्टोअरमध्ये होता. मग एक दिवस वर माणूस कमी पडला, फोरमननं बोट दाखवलं आणि देवाजी चढला. गावी त्याला कुणी नावानंसुद्धा हाक मारत नसे. इथं तो हात वर करेपर्यंत एवढी थोरली क्रेन थांबून राहायची. उतरल्यावर त्यानं ठरवलं, उद्या सांगू. त्या उद्याला आता दीड वर्ष झालं होतं.

खोटं पचवायला त्याला एकाच दिवशी जड जायचं, तो म्हणजे रविवार. सकाळी सेक्टरातली सगळी बौद्ध कुटुंबं एका क्वार्टरच्या अंगणात जमून वंदना घेत. पंचशील म्हणताना पहिली तीन शीलं देवाजी खड्या आवाजात म्हणायचा. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, की त्याला नेमका खोकला यायचा. पाचव्याला पुन्हा आवाज मोकळा. त्यात दीक्षेनंतर वर्षभरात झालेल्या मुलीचं नाव त्यानंच हौसेनं सत्यशीला ठेवलेलं. दिवसातून दहादा त्याला ती हाक मारावी लागायची.

मंगळवारी तो वाचनालयात गेला. हरिभाऊ पुस्तकाला खळ लावत बसले होते.

“हरिभाऊ, तो सिनेमा तुमी पाहिला का?”

“मशीन शनिवारी येणार, पाहू कशावर? का हो?”

“त्यात इरेक्शनचं, गर्डर चढवायचं काम दाखवून राहिले का? वरचं?”

“कारखान्याच्या सिनेमात भट्टी नाही दाखवणार तर काय भजी दाखवतील?” हरिभाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. “देवाजी, तुमचा चेहरा का उतरला?”

देवाजीनं सांगून टाकलं. चार महिन्यांपूर्वी दिल्लीचे लोक कॅमेरा घेऊन आले होते, दिवसभर त्याच्याच गर्डरखाली उभे होते. आणि घरी तर असं असं आहे. हरिभाऊंनी खळीची वाटी बाजूला सरकवली.

“सिनेमा मी थांबवू शकत नाही. आता तो सगळ्यांचा झाला. पण या शनिवारी ‘हा कोण?’ विचारणार नाही, हा माझा शब्द.”

“लय उपकार होतील.”

“उपकार कसले? घरी सांगा हो तुम्ही. एवढा उंच चढणारा माणूस, अन् बायकोसमोर जीभ उचलत नाही?”

उरला फकिरा. हा देवाजीच्याच गँगमधला, माणूस सोन्यासारखा, पण तोंडात तीळ भिजत नाही. त्याला देवाजीनं कोपऱ्यात घेऊन बजावलं की मी पडद्यावर दिसलो तरी गप बसायचं. फकिरानं छातीवर हात ठेवून कबूल केलं, आणि त्यामुळं देवाजीची काळजी आणखी वाढली.

शनिवारी दुपारी त्यानं शेवटचा प्रयत्न केला. “शेवंता, पोरीले खोकला हाय. तू घरीच राय. कारखान्याचा सिनेमा, त्यात काय पायाचं? मी तर रोजच पायतो.”

“तुमी रोज पायता. मी कुठं पायते?” शेवंता वेणी घालत म्हणाली. “पोरीले शेजारच्या बेबीताईपाशी ठेवते. मी येऊन राहिली.”

मागच्या भिंतीपुढची जागा माणसांनी भरली होती. बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं, मध्ये मशीनचा उजेड. देवाजी शेवंता दिसेल असा बसला आणि मग तिच्याकडं बघायची हिंमत होईना म्हणून जागा बदलून बसला. शेजारी फकिरा ओठ घट्ट मिटून होता.

सिनेमा सुरू झाला. आधी उघडं माळरान, मग तंबू, मग नंदिनीच्या खाणीतून निघालेली चुनखडी, वॅगनमागून वॅगन. निवेदन हिंदीत होतं, फार अवघड हिंदीत, पण चित्राला कोण भाषा विचारतं? लोक आपापलं ओळखत होते, “तो आपला रस्ता”, “ती पाण्याची टाकी.” पडद्यावर भट्टीचा सांगाडा आला. कॅमेरा खालून हळूहळू वर जाऊ लागला, एक मजला, दुसरा, तिसरा, आणि अगदी टोकाला, आभाळाला पाठ लावून, गर्डरवर मांड टाकून बसलेला एक माणूस.

पाठमोरा.

त्यानं हात वर केला, खाली क्रेन थांबली. त्यानं हात फिरवला, गर्डर इंचभर सरकून जागेवर बसला. माणूस वाकला, बोल्ट घातला, पाना फिरवू लागला. मान काही वळवली नाही. डोक्यावर फडकं, कमरेला गर्डरशी अडकवलेला सुरक्षेचा बेल्ट, चेहऱ्याचा पत्ता नाही.

देवाजीचा जीव भांड्यात पडला. दिल्लीच्या त्या लोकांना त्यानं मनोमन दुवा दिला. एवढ्यात मागून, निव्वळ सवयीनं, शब्द बिब्द विसरून, हरिभाऊंचा आवाज आला, “हा कोण?” आणि लगेच त्यांनी जीभ चावली असावी, कारण पुढचं खोकण्यातच गेलं.

फकिरानं देवाजीचा हात इतका दाबला की नखं रुतली, पण बोलला नाही. बापडा आयुष्यात पहिल्यांदा शब्द पाळत होता. कुणी म्हणालं, “चेहरा कुठं दिसते?” कुणी म्हणालं, “कोणी पंजाबी हाय.”

बायकांच्या बाजूला कुणीतरी उभं राहिलं. पडद्याच्या उजेडात देवाजीला आधी पदर दिसला, मग माणूस.

“ते आमचे होत,” शेवंता म्हणाली. “देवाजी. रिगर.”

टाळ्या पडल्या. फकिरानं सुटका झाल्यासारखी शिट्टी मारली. अंजनाबाईनं शेवंताच्या पाठीवर थाप दिली. देवाजी मात्र भिंतीसारखा बसून होता. पुढं पडद्यावर काय काय आलं ते त्याला आजतागायत सांगता येत नाही.

दोघं घरी निघाले. शेवटी त्याच्यानं राहवेना.

“चेहरा तर दिसलाच नाई. तू कसं ओळखलं?”

“पँटचं ठिगळ,” ती म्हणाली. “गादीच्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाचं. मीच लावलं ना.”

देवाजी चालता चालता थांबला. ठिगळ होतं खरं. दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला, दुहेरी शिवलेलं. त्याला वाटायचं, बायको काटकसरी आहे, गादीचं उरलेलं कापड वाया जाऊ देत नाही. त्यापलीकडं त्यानं कधी विचार केला नव्हता.

“स्टोअरातल्या माणसाची पँट गुडघ्यावर फाटते, नाई तर बुडाशी,” शेवंता म्हणाली. “तुमची मांडीच्या आतून घासून राहिली होती. अन् तिथंच गर्डरचा लाल रंग. कपडे मी धुते, तुमी नाई. दीड वर्षं झाले, मले माईत हाय.”

“मंग बोलली कावून नाई?”

“तुमी बोलसान म्हणून थांबली. दर रविवारी चौथ्या शीलाले तुमी खोकलत, तवा वाटे, आज घरी जाऊन सांगतील. तुमी घरी येऊन पोहे मागत.” ती हसली नाही. “तुमाले अडवलं असतं तर तुमी उतरले असते, मले ठाव हाय. पण वरून आले का तुमी कसे मान वर करून घरी येता, ते मी पाहिलं होतं. स्टोअरात होते तवा तसे येत नव्हते. मंग ठिगळ दुहेरी शिवलं. दुसरं काय करता आलं असतं मले?”

या वेळी खोकून भागणार नव्हतं, हे देवाजीला कळलं.

“मले भेव वाटे,” शेवंता पुढं म्हणाली. “डोळे मिटले का तुमी कुठं तरी लटकून दिसत, दादासारखे. भोंगा झाला का हातातलं काम सुटे. आज पाहिलं. तुमी तर आपल्या ओट्यावर बसल्यासारखे बसून होते. हात हलवता तर एवढी मशीन तुमचं ऐकते. अन् कमरेले बेल्ट. तो पाहिला अन् छातीवरचा धोंडाच उतरला. दीड वर्षात आज मले पोटभर श्वास आला.”

खरं तर इथंच गप्प बसण्यात शहाणपणा होता. फोरमन बेल्टसाठी रोज घसा कोरडा करायचा आणि देवाजी रोज तो काढून परांचीला अडकवून ठेवायचा, हालचालीला अडतो म्हणून. त्या एका दिवशी कॅमेरा होता, म्हणून बांधला होता. हे शेवंताला कोण सांगणार होतं? पँटवरून तर कळणार नव्हतं. बायको आज पहिल्यांदा निर्धास्त झाली होती, ते सुख तिला खुशाल घेऊ द्यावं, असं त्याच्या मनात आलंच. दहाएक पावलं तो तसाच चालला. अकरावं पाऊल काही उचलेना.

“शेवंता, तो बेल्ट,” तो म्हणाला. “फोटोवाले होते म्हणून बांधला होता. रोज नाई बांधत.”

ती थांबली. त्याच्याकडं पाहत राहिली. तिला राग आला होता, आणि तो तिनं लपवला नाही.

“अन् सोमवारपासून?”

“बांधीन.”

“तसबिरीपुढं नका सांगू. एकदा सांगून झालं. मले सांगा.”

“तुले सांगून राहिलो. बांधीन.”

ती पुन्हा चालू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, “हे तुमी आपणहून सांगतलं. बरं केलं.” आणि बेबीताईकडं झोपलेल्या पोरीला आणायला वळली.

दुसऱ्या दिवशी वंदनेत देवाजीनं चौथं शील इतक्या जोरात म्हटलं की अंजनाबाईनं वळून पाहिलं. शेजारी शेवंताचाही आवाज होता. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण खोकायचो तेव्हा तिचाही आवाज कधी ऐकू आला नव्हता. दीड वर्ष तीही शेजारणींना सांगत होती, आमचे स्टोअरात आहेत म्हणून.

सोमवारी संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि चहा घेऊन दारात बसला. शेवंतानं त्याचा शर्ट बादलीत टाकण्याआधी उजेडात धरला. कमरेभोवती, पुढून मागून, बेल्टाचा काळपट डाग उमटला होता. तिनं त्यावरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“हा काई निघत नाई आता,” ती म्हणाली, आणि साबण न लावताच शर्ट पाण्यात बुडवला.