ही ताडी पिऊ ना?

इबेकवेचा दरारा असा, की तो अंगणात नुसता खाकरला तरी चुलीपुढच्या बायका गप्प होत. लोकांनी आपल्याला भित्रा म्हणू नये, या एकाच भीतीपायी बिचारा जन्मभर घरच्यांवर गुरगुरत आला.

आज त्याच्या लेकीच्या, उरेन्माच्या लग्नाची ताडी होती. अंगण सोयऱ्यांनी भरलं होतं. रीत अशी, की मुलीने ताडीने भरलेला तुंबा घेऊन बापापुढे गुडघे टेकायचे, बापाने विचारायचं, "ही पिऊ ना? मागाहून ओकावी तर लागणार नाही?" म्हणजे, उद्या नवरा सोडून परत तर येणार नाहीस? ती "प्या" म्हणाली आणि बापाने घोट घेतला, की मुलगी पाहुण्यांची झाली. बहुतेक बाप हसत हसतच विचारतात.

नवरदेव इफेदीची कोठारं कोनफळांनी गच्च भरलेली. पण त्याची पहिली बायको मार खाऊन दोनदा माहेरी पळाली होती, आणि दोन्ही वेळा तिच्याच भावांनी तिला परत आणून सोडलं होतं. इबेकवेला हे ठाऊक होतं. तरी शब्द देऊन बसला होता.

"बोल गं, पिऊ ना?"

"प्या, बाबा."

बायकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या. इबेकवेने तुंबा तोंडाशी नेला आणि तिथेच थांबला. पोरीची नजर त्याच्या चेहऱ्याकडे नव्हती, हाताकडे होती.

ती एवढीशी होती तेव्हा कोनफळं रचताना तिला विंचू चावला होता. त्याने दरडावून विचारलं होतं, "दुखतंय का?" तेव्हाही ती अशीच त्याच्या हाताकडे बघत म्हणाली होती, "नाही, बाबा." आणि दारात जाऊन कोसळली होती. ही गोष्ट तो बैठकीत मिशीला पीळ देऊन सांगायचा. माझ्या पोरीने हूं की चूं केलं नाही म्हणायचा! पोर विंचवाला नव्हे, आपल्याला भ्याली होती, हे त्या शहाण्याला आज कळलं.

"उरे," तो जमेल तेवढ्या मऊपणाने म्हणाला, "खरंच पिऊ?"

"प्या ना, बाबा." तिची नजर त्याच्या हातावरून हलली नाही.

त्याने तुंबा खाली ठेवला. "माझ्या पोटाला ही सोसायची नाही."

इफेदी ताडकन उठला. इबेकवेचा थोरला भाऊ ओफोदिले त्याच्या कानाशी येऊन कडाडला, "डोकं फिरलं का तुझं? पोरगी हो म्हणतेय, आणि तू चारचौघांत आमचं नाक कापतोस? भ्यालास की काय?"

एरवी या शब्दावर त्याने भावालाही सोडलं नसतं.

"होय दादा," इबेकवे म्हणाला. "भ्यालो."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. पाहुणे शिव्या घालत आपली ताडीची मडकी उचलून निघाले. इबेकवे मान खाली घालून बसून राहिला.

उरेन्मा अजून गुडघ्यांवरच होती. तिने हळूच वर, त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "विंचू चावला तेव्हा फार दुखलं होतं."