पार्वतीबाईंनी माझ्यावर पेन चालवलं

मित्रांनो, मला जुनी म्हणा, फाटकी म्हणा, चालेल. रद्दी मात्र म्हणायचं नाही! मी इंग्रजी व्याकरणाची सरावपुस्तिका आहे. कुठे 'मच' लिहायचं आणि कुठे 'मेनी', 'अ फ्यू' कधी आणि 'अ लिटल' कधी, कुठल्या क्रियापदामागून 'टू' येतं आणि कुठलं त्याला दारातही उभं करत नाही, हे सगळं माझ्या पोटात आहे. वाक्यं छापलेली, मधल्या जागा रिकाम्या. भरा आणि शिका, एवढाच माझा धंदा.

छापखान्यातून मी कोठी भागातल्या एका दुकानात आले आणि तिथून गौलीगुड्यात, भिवाजींच्या घरी. भिवाजी नांदेडकडचे, बस डेपोत कंडक्टर. खात्याच्या परीक्षेसाठी त्यांनी मला घेतलं आणि पहिल्याच दिवशी नियम घालून दिला: लिहायचं ते पेन्सिलीनं, हलक्या हातानं, आणि काम झालं की खोडून पुढच्याला द्यायचं. भिवाजी पास झाले. मग त्यांचा मुलगा अमरदीप, मग गल्लीतली चार पोरं. प्रत्येकानं मला भरलं, खोडलं आणि शाबासकी घेतली. खोडून खोडून माझी पानं कांद्याच्या सालीसारखी झाली. पुढे अमरदीप कुकटपल्लीत नोकरीला लागला आणि मी फळीवर, डब्यांच्या मागे. मला राग आला होता, कशाला लपवू?

तिथून मला खाली काढलं भिवाजींच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी. वय एक्कावन्न. आमच्याच शहरातल्या हिमायतनगर भागातल्या एका इस्पितळात वीस वर्षं आया. यंदा तिथे नोंदणीच्या खिडकीवर माणूस हवं होतं आणि आतल्या लोकांनाही इंग्रजीची लेखी परीक्षा देता येणार होती. पार्वतीबाई मुखेडला दहावी झालेल्या. वीस वर्षांत त्या इस्पितळात त्यांना कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. त्यांना ती खुर्ची हवी होती.

पण चूक झाली. पेन्सिल खोडली तरी तिचे वळ कागदावर राहतात. पार्वतीबाई मला खिडकीशी तिरकी धरायच्या आणि ते वळ वाचायच्या. नवरा शिकलेला, मुलगा शिकलेला. त्यांनी लिहिलेलं चुकीचं कसं असेल? बाईंनी ओळीनं सगळी उत्तरं पाठ केली. मी ओरडून सांगत होते, बाई, वाक्य वाचा! पण कागदाचं कोण ऐकतं?

परीक्षेत वाक्यांचा क्रम वेगळा होता. पार्वतीबाईंनी पाठ केलेलं तसंच उतरवलं. वीसपैकी तीन बरोबर.

"अम्मा, रट के आए क्या?" परीक्षा घेणाऱ्या भाग्यलक्ष्मी मॅडमनी विचारलं. बाकीच्या आया हसल्या. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "तीन महीने बाद फिर बैठो. लेकिन ऐसा नक्को."

त्या संध्याकाळी अमरदीप म्हणाला, "आई, छोड ना आता. वय झालंय तुझं. ती पुस्तिका टाकू रद्दीत."

"टाकून तर बघ," पार्वतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून निळं बॉलपेन काढलं.

भिवाजी दचकले. "अगं, पेनानं? पुढचे काय करतील?"

"पुढचे पुढचं बघतील. आजवर तुमच्याच अक्षरावर चालले मी. आता माझं लिव्हायलेय."

मग जे सुरू झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. रिकाम्या जागा भरल्याच, वर समासात स्वतःची वाक्यं. वॉर्डात किती खाटा, ते 'मेनी'नं. बाटलीत किती सलाइन, ते 'मच'नं. चुकलं की एक रेघ मारायची आणि शेजारी पुन्हा लिहायचं, खोडायचं नाही. 'मेक'पाशी त्या तीन दिवस अडल्या. वाक्य सुचेना. मग एकदम लिहिलं: 'दे मेड मी स्टँड.' त्यांनी मला उभं ठेवलं. पेन इतकं दाबलं की पान फाटलं. मला त्या फाटण्याचा अभिमान आहे.

दुसऱ्या परीक्षेत वीसपैकी अठरा मिळाले.

गेल्या महिन्यात अमरदीपच्या पिंकीला शाळेत हाच धडा लागला. भिवाजींनी सवयीनं मला तिच्या हातात दिलं. "घे, घरचीच हाय."

पिंकीनं पान उघडलं. "आजोबा, ह्यात पूरा लिहिलेलं आहे. पुसतच नाही!"

"पुसायचं बी नाही," पार्वतीबाई म्हणाल्या. "तुला नवी आणू. अडलं तर माझ्याकडं ये, मी सांगते. पण ही माझी हाय."

मित्रांनो, तीस वर्षं मी त्या घरात सगळ्यांच्या कामाची होते, पण कुणाचीच नव्हते. तुम्ही पुस्तकांना कव्हर घाला, धूळ झटका, जरूर करा. पण नुसतं कोरं ठेवलंत म्हणून माझ्याकडून शाबासकी मिळणार नाही. तुमचं चुकलेलं वाक्य राहू द्या आणि त्याच्या शेजारी बरोबर लिहा. आणि मला रद्दीत न्यायला कुणाला यायचंच असेल, तर आधी पार्वतीबाईंना विचारून या. त्या आता खिडकी नंबर दोनवर बसतात.